श्रवण आणि पदयात्रा : राजधानीच्या वास्तूंपासून चाळीसगावच्या रस्त्यापर्यंत

ऐतिहासिक स्थळे पाहावयाची असतात, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु नुसते पाहिल्याने स्थळ कळतेच असे नाही. दगड, विटा, भिंती आणि खांब डोळ्यांना दिसतात; तेथे काय घडले, ते कोणी घडविले आणि ते कोणाला सोसावे लागले, हे मात्र कोणीतरी सांगावे लागते. म्हणूनच स्थळदर्शनाच्या इतिहासात डोळ्यांइतकाच कानांचाही वाटा आहे. आज जगातील अनेक राजधान्यांत कानाला लहानसे यंत्र लावून, वाटाड्या बरोबर न घेता, एकट्याने जुन्या वास्तू पाहत हिंडण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिला नवयुगाची एक सोय म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. ऐकत चालणे ही बौद्ध परंपरेला फार पूर्वीपासून परिचित असलेली गोष्ट आहे आणि खानदेशासारख्या प्रदेशाला तिची विशेष गरज आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनिमार्गाचे स्वरूप

या पद्धतीचा आरंभ वस्तुसंग्रहालयात झाला. नेदरलँड्सची राजधानी अ‍ॅमस्टरडॅम येथील स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली लघुलहरींच्या साहाय्याने प्रेक्षकांच्या कानापर्यंत निवेदन पोहोचविण्यात आले आणि ते अनेक भाषांत उपलब्ध होते. पुढे ध्वनिफीत आली, कॅसेट आली आणि आता खिशातील मोबाइलने तेच काम आपल्याकडे घेतले आहे. योजना साधी असते. शहरातील दहा-पंधरा ठिकाणांना क्रमांक दिलेले असतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जावे हे निवेदक सांगतो. तेथे पोहोचल्यावर त्या वास्तूची हकीकत ऐकू येते. ऐकणारा हवे तेथे थांबतो, हवे ते पुन्हा ऐकतो. त्याला कोणाची घाई नसते आणि कोणाला दक्षिणाही द्यावी लागत नाही.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. वाटाड्याला उलट प्रश्न विचारता येतो, यंत्राला विचारता येत नाही. कोणत्या ठिकाणी थांबावयाचे आणि कोणत्या ठिकाणावरून न बोलता पुढे जावयाचे, हे निवेदन लिहिणाराने आधीच ठरविलेले असते. राजधानीत हा प्रश्न फारसा जाणवत नाही, कारण तेथे राजवाडे, किल्ले, प्रार्थनामंदिरे आणि पुतळे पावलापावलावर उभे असतात. ज्यांच्याजवळ सत्ता होती त्यांनी दगडात आपली नोंद ठेवली आणि ध्वनिमार्ग त्या दगडांच्या मागोमाग जातो. ज्यांना दगडाचा उपयोग फक्त घडविण्यासाठी आणि वाहण्यासाठी ठाऊक होता, त्यांच्या जीवनाची ठिकाणे अशा मार्गावर क्वचितच येतात.

अशोकाचे 'सावन'

ऐकणे आणि चालणे यांची सांगड प्राचीन भारतात ज्या राजाने जाणीवपूर्वक घातली, तो सम्राट अशोक होय. आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला म्हणजे शिकारीला व करमणुकीला जात असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, ग्रामीण जनतेचे दर्शन आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे यांचा समावेश होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशोकाच्या यात्रेत स्थळाबरोबर तेथील माणसेही होती, आणि त्यांच्याशी होणारा संवाद हा यात्रेचाच भाग होता.

'अशोकावदान' या ग्रंथात या यात्रेचे साहित्यिक रूप आढळते. त्यात स्थविर उपगुप्त अशोकाला लुंबिनीपासून एकेका स्थळी नेतो आणि उजवा हात पुढे करून, येथे भगवंतांचा जन्म झाला, येथे अमुक घडले, असे सांगतो. उपगुप्ताच्या शब्दांनी ती भूमी राजाच्या दृष्टीने वेगळी होते. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन व महापरिनिर्वाण यांची चार स्थळे श्रद्धावंताने पाहावीत आणि त्यांमुळे संवेग उत्पन्न व्हावा असे म्हटले आहे. संवेग म्हणजे मनाला हलवून जागे करणारी जाणीव. स्थळदर्शनाचे फळ संवेग हे होय, ही कसोटी बौद्ध परंपरेने फार आधी घालून दिली आहे.

अशोकाचे लेख आपण आज वाचतो. परंतु त्याच्या काळातील बहुसंख्य लोकांनी ते ऐकले. सातव्या स्तंभलेखात त्याने धम्माच्या घोषणांना 'सावन' म्हणजे श्रावण, ऐकविणे, असा शब्द वापरला आहे. कलिंगातील धौली येथे तोसली या प्रांतिक राजधानीच्या महामात्रांना उद्देशून जो स्वतंत्र लेख आहे, त्यात हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविला जावा, मधल्या काळातही प्रसंगी ऐकविला जावा आणि ऐकणारा एकटा असला तरी त्याला तो ऐकविला जावा, अशी आज्ञा आहे. गर्दी जमण्याची वाट न पाहता एकट्या माणसासाठीही शब्द उच्चारला जावा, ही कल्पना बावीसशे वर्षांपूर्वीची आहे. आजच्या ध्वनिमार्गाचे तत्त्व याहून निराळे नाही.

स्तंभ मुका होतो तेव्हा

ऐकविणाऱ्यांची परंपरा खंडित झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण देशाच्या राजधानीतच उभे आहे. दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यावरील अशोकस्तंभ मूळचा आजच्या हरियाणातील टोपरा येथील. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने तो मोठ्या कौशल्याने उतरवून, यमुनेच्या प्रवाहातून दिल्लीस आणविला. शम्स-ए-सिराज अफीफ याने त्या वाहतुकीचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. परंतु स्तंभावर काय लिहिले आहे, हे त्या वेळी कोणासही सांगता आले नाही. हा स्तंभ म्हणजे पांडवांतील भीमाची काठी होय, अशी समजूत अफीफने नोंदविली आहे.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा करेपर्यंत धम्माच्या सर्वांत विस्तृत स्तंभलेखाची ही स्थिती होती. दगड शाबूत होता, अक्षरेही शाबूत होती. ऐकविणारे तेवढे उरले नव्हते. ती रिकामी जागा दंतकथेने भरून काढली. स्थळ कधीच निःशब्द राहत नाही. खरा शब्द नसेल तर दुसरा कोणता तरी शब्द तेथे येऊन बसतो.

पावलांनी लिहिलेला ग्रंथ

याच्या उलट उदाहरण चिनी यात्रिक ह्युएनत्संग याचे आहे. सातव्या शतकात भारतभर हिंडताना त्याने प्रत्येक स्थळाची दिशा, आधीच्या स्थळापासूनचे अंतर, तेथील विहार, स्तूप आणि स्थानिकांकडून ऐकलेली हकीकत क्रमाने नोंदविली. त्याची ही नोंद इतकी काटेकोर होती की, एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने तिच्या आधारे चालत जाऊन विस्मृतीत गेलेली अनेक बौद्ध स्थळे ओळखली. एका पदयात्रिकाचे शब्द बाराशे वर्षांनी दुसऱ्याचे वाटाडे झाले.

ह्युएनत्संग महाराष्ट्रातही आला होता. येथील राजा पुलकेशी आणि येथील लोकांचा स्वभाव यांविषयी त्याने लिहिले आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात, खोल दरीत असलेल्या एका संघारामाचे त्याचे वर्णन बहुतेक अभ्यासक अजिंठ्याचे मानतात. संघारामाच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असून ते कधी कधी मोठ्याने गर्जना करतात आणि भूमी कंप पावते, असे तेथील लोक सांगतात, हे त्याने लिहून ठेवले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्तींची जोडी आजही आहे. हा संघाराम आचार नावाच्या अर्हताने उभारला असेही तो सांगतो. सव्विसाव्या लेण्यातील बुद्धभद्राच्या शिलालेखात स्थविर अचलाचा उल्लेख आहे. कानांनी ऐकलेले आणि दगडावर कोरलेले येथे एकमेकांना दुजोरा देतात. ऐकीव गोष्ट म्हणजे अविश्वसनीय गोष्ट, असे सरसकट मानणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

खानदेशातील राजधानी आणि खानदेशच्या सीमेवरील नावे

ज्या फिरोजशहाने अशोकस्तंभ दिल्लीस नेला, त्याच्याच हातून खानदेशाला राजधानी मिळाली. १३७० साली त्याने मलिक राजा फारुकी यास थाळनेरची जहागीर दिली आणि तापीकाठचे ते गाव फारुकी सत्तेचे पहिले केंद्र झाले. पुढे बुऱ्हाणपूर वसले आणि थाळनेरचे महत्त्व ओसरले. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील या गावी फारुकी राजांच्या कबरी आहेत आणि किल्ल्याचे अवशेष आहेत. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तेव्हा किल्लेदाराला फाशी देण्यात आली व आतील शिबंदी कापून काढण्यात आली. थाळनेरमधून कोणी ध्वनिमार्ग आखावयाचा म्हटले, तर दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ज्या हातांनी ते घुमट उचलले, त्या हातांची नावे तेथे नाहीत.

चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या रांगेत असलेली पितळखोऱ्याची लेणी या बाबतीत अधिक उदार आहेत. इसवी सनापूर्वीच्या या लेण्यांत सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आपल्या दानाने अमर झाला आहे. राजवैद्य मगिल आणि त्याचे कुटुंबीय यांची नावे तेथे आहेत. यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. राजधानीतील राजवाड्यांचे आज काही उरले नसले, तरी राजधानीतील एका अत्तरविक्याचे आणि एका वैद्याचे नाव खानदेशच्या सीमेवरील डोंगराने जपून ठेवले. दान देणारा आणि घडविणारा यांना नाव असावे, ही बौद्ध लेण्यांची रीत कोणत्याही स्थळनिवेदकाने आपला आदर्श मानावी अशी आहे.

चाळीसगाव, १९२९

आता ज्या रस्त्यासाठी हे सर्व विवेचन केले, त्या रस्त्याकडे वळू. चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरील जंक्शन असून तेथून धुळ्याकडे लोहमार्गाचा फाटा जातो. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ साली खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांच्या दौऱ्यावर होते. काम आटोपून मुंबईस परतताना, धुळे मार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. तेथील अस्पृश्य बांधवांनी स्टेशनावर येऊन रात्री मुक्काम करण्याचा आग्रह केला. बाबासाहेब त्या गावी जाऊन परत आले, तेव्हा मंडळी हार घेऊन उभी होती.

पुढील हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींच्या हस्तलिखितात ती असून, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होता. पायी जाण्याजोगे अंतर होते आणि स्टेशनाबाहेर टांगेही पुष्कळ होते. तरी सुमारे तासभर त्यांना थांबवून ठेवण्यात आले. नंतर टांगा आला. त्यात हाकणारा आणि बाबासाहेब असे दोघेच होते. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. टांगा दोनशे पावलेही गेला नसेल, तोच समोरून आलेल्या मोटारीशी त्याची टक्कर होता होता पोलिसाच्या ओरडण्याने टळली. नदीवरील फरशी पुलाला कठडे नव्हते, पाच-दहा फुटांच्या अंतराने रोवलेले दगड तेवढे होते. आणि रस्त्यावरून पुलावर येण्यासाठी काटकोनात वळावे लागत असे. त्या वळणावर घोडा उधळला, चाक पहिल्याच दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. बेशुद्धावस्थेत त्यांना पलीकडे महारवाड्यात नेण्यात आले. त्यांच्या पायाचे हाड मोडले होते.

चौकशीअंती कारण कळले. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतील लोकांना कमीपणाचे वाटत होते. तेव्हा तडजोड निघाली की, टांगा भाड्याने द्यावयाचा, पण हाकणारा वस्तीतील लोकांनी आणावयाचा. आणलेल्या माणसाने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पाहुण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा आहे, हे आपली माणसे विसरली, असे बाबासाहेबांनी स्पष्टपणे नोंदविले आहे. आणि परदेशात शिकलेल्या बॅरिस्टरापेक्षाही स्वतःला श्रेष्ठ मानण्याचा अधिकार जातीने एका टांगेवाल्याला दिला होता, हा निष्कर्षही काढला आहे.

या कथनाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. दोन मैल, दोनशे पावले, पाच-दहा फूट, काटकोनातील वळण, नदीचा पलीकडचा काठ : ह्युएनत्संगाप्रमाणेच बाबासाहेबांनीही दिशा आणि अंतर दिले आहे. कनिंगहॅमने जसा ग्रंथ हाती घेऊन मार्ग काढला, तसाच या मजकुराच्या आधारे स्टेशनापासून नदीपर्यंतचा मार्ग निश्चित करता येण्यासारखा आहे. त्यासाठी जुने नकाशे, नगरपालिकेच्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी एकत्र पडताळाव्या लागतील. आजचा एखादा पूल पाहून तोच तेव्हाचा असे घाईने ठरविणे योग्य नव्हे.

निवेदन कोणाचे आणि कसे

अशा मार्गावर दाखविण्यासारखे दगड थोडे आहेत. स्टेशनाबाहेरील जागा, एक वळण, एक नदी, एक वस्ती. घुमट नाही, शिलालेख नाही. म्हणूनच येथे डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भार पडतो. राजधानीत निवेदन नसले तरी वास्तू उभी राहते आणि काहीतरी सांगत राहते. चाळीसगावच्या रस्त्यावर निवेदन नसेल तर स्थळच नाहीसे होते. ध्वनिमार्गाची खरी गरज जेथे वास्तू आहेत तेथे कमी आणि जेथे वास्तू नाहीत तेथे अधिक आहे, असे म्हणावे लागते.

या निवेदनासंबंधी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली भाषेची. अशोकाने आपले लेख वायव्येस खरोष्ठी लिपीत आणि कंदाहार येथे ग्रीक व अरेमाइक भाषांत दिले. ज्याची जी भाषा, तिच्यात त्याला ऐकविले. खानदेशातील निवेदन प्रमाण मराठीबरोबरच अहिराणीतही असले पाहिजे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या दिवशी स्टेशनावर हार आणले, त्यांच्या घरची भाषा त्या मार्गावर ऐकू येऊ नये, हे उचित नाही.

दुसरी गोष्ट सत्याची. भक्तीच्या भरात प्रसंग गुळगुळीत करण्याचा मोह होतो. अननुभवी माणसाच्या हाती टांगा दिला गेला, हा तपशील आपल्याच लोकांना अवघड वाटेल म्हणून गाळला, तर प्रसंगाचा अर्थच हरवेल. अपमानाच्या धाकाने माणसे सुरक्षिततेचा साधा विचारही विसरतात, इतके खोलवर जात काम करते, हे त्या तपशिलातच आहे. बाबासाहेबांनी तो झाकला नाही. आपणही झाकू नये.

तिसरी गोष्ट नावांची. पितळखोऱ्याच्या शिल्पीने आपले नाव कोरले. चाळीसगावच्या वस्तीतील ज्या स्त्री-पुरुषांनी बेशुद्ध पाहुण्याला उचलून घरी नेले, शुश्रूषा केली, त्यांच्या घरांतून त्या दिवसाविषयी आजही काय सांगितले जाते, हे ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे पहिले काम होय. जलसे आणि भीमगीते यांच्या द्वारे आपल्या समाजाने आपला इतिहास मुख्यतः कानांनीच जतन केला. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी (१९२२-२००४) तो गावोगाव पोहोचविला. त्या परंपरेच्या लोकांना ध्वनिमार्ग परका वाटण्याचे कारण नाही.

धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरातील लांडोर बंगल्यात बाबासाहेबांचे वास्तव्य ३१ जुलै १९३७ रोजी झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठ्या संख्येने लोक जमतात. पावलांनी स्मृती जपण्याची रीत खानदेशात अशी रुजलेली आहे. अशोकाने तिष्य नक्षत्राचा दिवस सांगितला होता, त्याचप्रमाणे मधल्या दिवसांचाही विचार केला होता. लळिंगला एका दिवसाची गर्दी आहे. उरलेल्या दिवशी एकट्याने येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तेथे काहीतरी ऐकावयास मिळाले पाहिजे.

चाळीसगावच्या घटनेला २०२९ साली शंभर वर्षे पूर्ण होतील. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली त्यांच्या तोंडून ती ऐकलेली पिढी आता वृद्ध आहे. विहारांतील तरुणांनी, महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांनी आणि पाली-बौद्ध अध्ययनाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन स्टेशनापासून नदीपलीकडच्या काठापर्यंतचा तो दोन मैलांचा मार्ग बोलता करावा. स्तंभ भीमाची काठी ठरण्यास काही शतके लागली. ज्या रस्त्यावर स्तंभही नाही, त्याच्या विस्मरणास इतका काळ लागणार नाही.